शेकोटीखालच्या बुजवलेल्या विहिरीबाबत

प्रति,
मा. अग्निशमन अधिकारी,
नगर परिषद अग्निशमन केंद्र

दिनांक : १० डिसेंबर, बुधवार

विषय : शेजारच्या परसातील शेकोटी येत्या रविवारच्या आत बंद करून तिच्याखालची जमीन तपासण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे सहा तक्रार अर्ज.
२) त्यांवरील आपल्या निरीक्षकांचा ‘नियमभंग आढळला नाही’ हा शेरा.

महोदय,

वरील सहाही अर्ज धुराचे होते. वाळत घातलेल्या चादरींना वास लागतो, डोळे चुरचुरतात, असे मी लिहीत आले. हा सातवा अर्ज धुराचा नाही. तेव्हा तो त्या सहांच्या गठ्ठ्यात घालू नये, ही पहिली विनंती.

माझे शेजारी पूर्वी घड्याळे दुरुस्त करीत. माणूस अतिशय नेमाचा. आपल्या केंद्राच्या नियमाप्रमाणे त्यांनी कुंपणापासून दहा फूट सोडून शेकोटीचा खड्डा खणला, बाजूने विटा लावल्या आणि पाणी जिरावे म्हणून तळ मोकळा ठेवला. सायंकाळी सातच्या ठोक्याला ते बादलीभर पाणी ओतून शेकोटी विझवतात. त्यांची काही चूक नाही. चूक आमची आहे.

चाळीस वर्षांपूर्वी ही दोन्ही परसे एकच होती आणि तेथे आमची लाकडाची वखार होती. मध्यभागी वीस फूट रुंदीची, आटलेली विहीर होती. करवतीखाली भुशाचे ढीग साचत. ते टाकायचे कुठे? माझ्या यजमानांनी आठ महिने ती विहीर भुशाने भरली. पोती रिकामी करायला मीही हात लावत असे. ताज्या कापलेल्या लाकडाचा तो वास मला फार आवडे. शेवटी वर दोन हात माती टाकली. घड्याळवाल्यांनी खड्डाही दोन हातच खणला आहे.

प्लॉट विकताना दाखल्यावर ‘विहीर दगड व मुरूम टाकून बुजवली’ असे लिहिले गेले. “अगं, कोण उकरून बघणार आहे?” असे यजमान म्हणाले, आणि मी साक्षीदार म्हणून सही केली. आता ते नाहीत, करवतीवरचे कामगारही नाहीत. भुसा पाहिलेली मी एकटी उरले आहे.

मागील सोमवारी हे सर्व मी आपल्या निरीक्षकांना सांगितले. त्यांनी तोच दाखला माझ्यापुढे धरला. “आजी, कागदावर दगड आहेत. धूर दिसला तर फोन करा, जमीन गरम लागते म्हणून करू नका.” असे म्हणून ते गेले. त्यांच्या लक्षात आणून देते की, धूर दिसतो. शेकोटी पेटवलेली नसते त्या दिवशीही दिसतो, आणि तो माझ्या बाजूने, कुंपणाच्या बुडातून येतो. सकाळी सगळ्या गवतावर दव असते, फक्त एका गोल जागेत नसते. त्या गोलाचा थोडासा भाग माझ्याकडे आहे, बाकी सारा त्यांच्याकडे. गल्लीतली मांजरे आठवडाभर तेथे झोपत होती. परवापासून एकही मांजर तिकडे जात नाही. कुंपणालगतची माती चार बोटे खचली आहे.

रविवारी घड्याळवाल्यांच्या नातीचा पाचवा वाढदिवस आहे. शेकोटीभोवती पंचवीस मुलांच्या खुर्च्या मांडायच्या आहेत. मी त्यांच्या सुनेला कुंपणावरून हाक मारून सांगितले, तर ती हसून म्हणाली, “काकू, धुराचं झालं, आता जमिनीचाही त्रास व्हायला लागला का तुम्हाला?” तिला तरी काय बोलू? सहा वेळा उगाच ओरडलेली म्हातारी मीच आहे.

तरी खोट्या साक्षीबद्दल जी कारवाई करायची ती माझ्यावर जरूर करावी; पण आधी पहार घेऊन माणूस पाठवावा. रविवारपर्यंत कोणी न आल्यास मुले जमण्यापूर्वीच मी त्या खड्ड्याजवळ खुर्ची टाकून बसणार आहे. माझे वजन फारसे नाही. मला उठवायला येणाऱ्यांनी मात्र सावकाश, एकेकाने यावे.

आपली नम्र,
(सही)
जुन्या वखारीची मालकीण
ही सही दाखल्यावरील साक्षीदाराच्या सहीशी ताडून पाहावी.

सोबत :
१) दाखल्याची प्रत.
२) माझ्या काठीचे रबरी टोक. आज सकाळी कुंपणालगत काठी वीतभर आत गेली. बाहेर काढली तेव्हा ते वितळलेले होते.