सुतकातलं गाणं

१२ ऑगस्ट १९९६, सोमवार. बंगलोर

आज हॉटेलात गाणाऱ्या रूबीबाईंचा माइक मी काढूनच ठेवला होता. त्यांची आई तिकडं अमेरिकेत वारली, काल फोन आला. मला वाटलं, सुतकात बाई कशाला गातील. तर त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "लाव रे वेड्या. आमच्यात माणूस गेलं की गातात. तिनंच तर शिकवलं मला, चर्चमध्ये."

मी लावला.

बाईंची एके काळी तिकडं रेकॉर्ड निघालेली. मग पॅरिस, मग मुंबई, मग इथं जेवणाऱ्या लोकांपुढं. परत गेल्याच नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही. आता विमान धरलं तरी पोचेपर्यंत माती झालेली असणार. म्हणाल्या, "तिकडं आत्ता सकाळ आहे. आईला चर्चमध्ये आणलं असेल."

आणि डोळे मिटून गायला लागल्या. शब्द कळले नाहीत, पण अंगावर काटा आला. तेवढ्यात मॅनेजर कानाशी, "ए मराठा, स्वल्प खुशीचं गायला सांग तिला. लोक जेवतायत." मी वायर बघतोय असं दाखवलं. मग त्यानंच माइकचं बटण बंद केलं. बाई थांबल्या नाहीत. तशाच शेवटपर्यंत गायल्या. टाळी एकसुद्धा नाही.

नंतर माइक पुसायला घेतला, तर ओला होता.

माझी आई इस्लामपुरात एकटी. मी दोन वर्षं गेलेलो नाही. तिचं काही झालं तर इथून मी काय करणार? मला तर गाताही येत नाही.