हळदीकुंकवातले सतरा फोन

देवास,
रथसप्तमीचा दुसरा दिवस

प्रिय आरोही,

आजीचे पुष्कळ आशीर्वाद. आधी आनंदाची बातमी: माझा फोन जिवंत झाला! दोन आठवडे काचेवर नुसता काळोख होता. आवाज यायचा, चेहरा नाही. आणि नर्मदाकाठच्या धरमपुरीच्या सावित्रीला तर चेहराच हवा. तिला लहानपणापासून ऐकू येत नाही, लिहिणं-वाचणं नाही. साठ वर्षं आम्ही मैत्रिणी हातांनी बोलतो, आणि चार वर्षं झाली, रोज सकाळी व्हिडिओवर. तिच्या सुनेला निरोप दिला होता, पण निरोपाने का कुठे पोट भरतं?

कंपनीच्या सेंटरवर गेले. तिथला म्हणाला, “माताजी, ये मॉडल बंद हो गया, डिस्प्ले अब नहीं आता. नया ले लो.” मी म्हटलं, “अरे भिया, एक दात पडला म्हणून कोणी तोंड बदलतं का?” हसला मेला, पण डिस्प्ले काही दिला नाही. मग चौकात दुरुस्तीचं दुकान चालवणारी मोना म्हणाली, “आजी, असाच एखादा बंद पडलेला फोन आणा, त्याची काच काढून लावते.”

आता बंद फोन कुठे असतात? बायकांच्या कपाटात, साड्यांच्या घड्यांखाली! संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा निरोप धाडला: वाण मी लुटीनच, पण येताना घरातला बंद मोबाइल घेऊन या. तुझे आजोबा म्हणाले, “हळदीकुंकू आहे की भंगाराचं दुकान?” सतरा फोन, दोन रिमोट आणि एक कॅल्क्युलेटर जमला. जानकीबाईंनी तर घाईत नवऱ्याचा, गोपाळरावांचा, चालू फोनच टोपलीत टाकला. मी अत्तर लावतेय, तर टोपली वाजायला लागली. उचलला तर मुलाच्या फोनवरून गोपाळरावच: “अहो, माझा फोन कुणाकडे आहे?” जानकीबाई हसून हसून खुर्चीवरून घसरल्या.

सतरांत माझ्या मॉडेलचा एकच निघाला. चार्जिंग गेलेलं, पण काच शाबूत. मोनाने अर्ध्या तासात बसवली. तिळाहून बारीक स्क्रू गं! सावित्री पडद्यावर दिसली आणि पहिलं काय केलं असेल? मला दोन्ही हातांनी चापट्या दाखवल्या.

आता पत्र कशाला, ते सांगते. काल सावित्रीच्या फोनची बॅटरी फुगली, तिच्या सुनेने फोटो पाठवला. तो पाहून मोना म्हणाली, धोक्याची आहे, चालू करू नका, आणि तिच्या मॉडेलची नवी मिळत नाही. तुझाही फोन सावित्रीसारखाच, आणि तू तो महिनाअखेर एक्स्चेंजमध्ये देणार म्हणालीस. देऊ नकोस, बाळा, मला पाठव. हेच बोलून सांगितलं असतं तर “हो आजी” म्हणून विसरली असतीस. मराठी तू अक्षरं लावत-लावत वाचतेस, म्हणजे पक्कं बसेल. सावित्रीला तो मी स्वतः नेऊन देणार. त्या दिवशी दोघींचे फोन पिशवीत, आणि आम्ही नर्मदेच्या घाटावर, हात दुखेपर्यंत बोलत.

तुझीच,
विद्युल्लता आजी