संकर्षणाचा निळा ठिपका

देवराज मोहल्ला, मैसूर
४ जुलै २०२५

चि. सौ. सिंधूस,
अ. उ. आ.

पोस्टाचं पत्र बघून घाबरू नकोस, सगळं क्षेम आहे. फोनवर लिहिलं की ते बेंगळूरला आमच्या संकर्षणाच्या संगणकावरही उमटतं, म्हणून हा खटाटोप. लेकाने माझ्या फोनात अशी सोय केली आहे की मी कुठे आहे ते त्याला नकाशावर निळ्या ठिपक्याने दिसतं. औषधं दारात येतात, गॅस तोच तिथून नोंदवतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. पण तळ्याकाठी जरा टेकले की लगेच फोन, आई, तिथे का बसलीस?

तर ऐक. मी स्कूटर शिकते आहे! सहासष्टाव्या वर्षी! संकर्षणाची जुनी स्कूटर सुम्ने, नुसतीच धूळ खात पडून होती, शेजारची नागरत्ना शिकवते. शिकाऊ परवानाही काढला, माझ्याऐवजी तिचा फोन नंबर देऊन. जाताना फोन देवघरात ठेवते. संकर्षण सुनेला म्हणाला म्हणे, आईची भक्ती फार वाढली. कळलं तर स्कूटर विकेल आणि मला बेंगळूरला नेईल.

पोटात गुपित आणि मनात लोभ, दोन्ही जपून ठेव.
तुझी,
अंबूताई


हुणसूर
९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अय्यो ताई! इतकी हसले की बाहेर पडलेले हे दारातून परत आले. त्यांना सांगितलं, ताईची कंबर दुखते म्हणून लिहिलंय. यावर कुणी हसतं का, असं विचारून गेले. पण लहानपणी तू सायकल थेट म्हशीवर घातली होतीस, ते आठवून धडधडतंही. हेल्मेट घालत जा. लेकाला चुकवशील, चौकातल्या सरकारी कॅमेऱ्यांना कुठलं देवघर दाखवणार?

रागावलीस तरी प्रेम कमी करू नकोस.
सिंधू


मैसूर
१६ जुलै

चि. सौ. सिंधूस,
अ. उ. आ.

सापडले! मार्केटातून मल्लिगेच्या फुलांचा ओला गजरा घेऊन माळला. हेल्मेटखाली चुरडला असता, म्हणून हेल्मेट हुकाला अडकवलं. तेवढ्यात सिग्नलच्या कॅमेऱ्याने टिपलं. स्कूटर संकर्षणाच्या नावावर, म्हणून दंडाची नोटीस फोटोसकट त्याच्या फोनवर. फोटोत माझे सगळे दात दिसतात, मागे नागरत्ना डोळे घट्ट मिटून!

पहिल्या बसने आला. म्हणाला, आई, हे मला सरकारकडून कळावं? माझं हसू पळालं. हेल्मेटची चूक कबूल केली, दंड मीच भरते म्हटलं. पण सामान बांध, बेंगळूरला चल म्हणाला, तेव्हा ठाण मांडून बसले. म्हटलं, तुला मी दिसते, मग मला तू का दिसू नयेस? काळजी काय मुलालाच असते? त्याला गंमत वाटली. त्याने आपलाही ठिपका माझ्या फोनात आणून दिला. बाकीचं महिन्याने ठरवू म्हणाला.

तुझ्या यजमानांना आता खरं सांग. माझ्यावर माया असू दे.
अंबूताई


मैसूर
२४ जुलै

चि. सौ. सिंधूस,
अ. उ. आ.

महिना कसला, पाच दिवस! पहिल्या दिवशी बेकरीत दिसला. विचारलं, साखर वाढलेली असताना तिथे काय? दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे दीड तास. केस कापतोयस की राज्याभिषेक चाललाय? ऑफिसच्या वेळेत क्रिकेटच्या मैदानावर सापडला, तेव्हा तर मी जेवणच विसरले. खरंच सांगते, चटक लागते गं.

पाचव्या दिवशी त्यानेच दोन्ही ठिपके बंद केले, माझे निरोपही संगणकावरून काढले. म्हणाला, आई, सारखं कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटतं. मी दोन वर्षं हेच म्हणत होते. औषधांचं तेवढं त्याच्याकडेच ठेवलंय, ती सोय सुटत नाही. स्कूटर राहिली, हेल्मेटच्या बोलीवर.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला. आई, आज कुठे गेली होतीस, म्हणाला. दोन वर्षांत त्याने हे विचारलंच नव्हतं, त्याला ठाऊकच असायचं. मी पाऊण तास सांगत होते. चढावर स्कूटर बंद पडली इथपर्यंत आले, तर म्हणाला, थांब, हिलाही ऐकू दे, आणि सुनेला बोलावलं. मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तुझी,
अंबूताई