चढावरचं पिकअप

प्रिय जावईबापू,

आमच्या गावच्या शाळेत मास्तर सांगायचे, पत्रात आधी कुशल विचारावं, मग कामाचं लिहावं. म्हणून आधी विचारतो, खांदा कसा आहे? हाड जुळायला वेळ लागतो, घाई करू नका. माझ्या कानाचे टाके निघाले. त्या बाजूनं ऐकू येत नाही, पण लोक आता मोठ्यानं बोलतात, तेवढीच करमणूक. लेक बरी आहे. आता गाडीचं लिहितो. तिच्यावर मी काय काय केलं ते सांगायला त्या दिवशी सवड मिळाली नाही.

तुम्ही गाडी घेऊन गॅरेजवर आलात तेव्हा आतून धुमसत होतात, पण सांगितलंत हसत हसत. घाटाच्या चढावर भाजीचा टेम्पो हॉर्न वाजवत तुमच्या पुढे निघून गेला. टेम्पो हो मामा, म्हणालात, कोबी भरलेला, आणि तुमची लेक शेजारी बसून खिदळतेय! मीही हसलो. गाडीला पिकअप म्हणून राहिलेलं नाही, नव्या गाड्यांना असतो तसला टर्बो बसवा, पण खर्चात पाडू नका, असं म्हणालात. मी म्हटलं, या जुन्या इंजिनाला टर्बो म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडाला पंप लावल्यासारखं होईल, छाती फुटेल त्याची. त्यापेक्षा त्याचा अडलेला श्वास मोकळा करू. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. त्याच हातानं.

इंजिनाचं हेड उतरवलं. व्हॉल्व्ह नीट बसत नव्हते, दाब गळत होता. ते हातानं घासून बसवले. हेडचा तळही जरा घासून आणला, म्हणजे दाब आणखी वाढतो. हवा आत जाते त्या वाटेत ओतकामाचे खडे तसेच राहिले होते, ते कानशीनं उतरवले आणि वर पॉलिश पेपर फिरवला. बोट आत घातलं की कुणाच्या घशातून फिरवतोय असं वाटायचं. सायलेन्सरचा पाइप चेपला होता, त्या जागी भंगारातला रुंद पाइप जोडला. कार्बोरेटर धुतला, ठिणगीचं टायमिंग थोडं पुढे घेतलं. कामाला हात लावण्याआधी मी देवाचं नाव घेतो, तसं रोज घेतलं. जावयाचं काम, त्यात कसूर नको.

राहिलं होतं वजन. गाडी हलकी करणं हा ताकद वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय. टपावरचं लोखंडी कॅरियर काढलं, जादा चाक काढलं, मोठे स्पीकर काढले आणि शेवटी मागची सीट उचलली. खाली थोडी चिल्लर, पेनाचं टोपण, वाळून काळा पडलेला डाग, आणि एक दात. पुढचा दात, एक कोपरा तुटलेला. तो कोपरा माझ्याच व्हाइसच्या लोखंडी पकडीवर आपटून तुटला होता, लेक फ्रॉकमध्ये गॅरेजभर बागडायची तेव्हा. आता लग्नानंतर अख्खा दात गेला, तेव्हा आईला तिनं सांगितलं होतं, बाथरूममध्ये पाय घसरला. तेव्हापासून तोंडावर हात ठेवून बोलायची. बाथरूममध्ये पडलेला दात गाडीत कसा आला, जावईबापू? टेम्पो पुढे गेल्यावर तुम्ही गाडी कडेला घेतली असणार. तिला मागे ढकललं असणार. बुक्कीनं केलंत की पान्यानं, एवढं मी अजून तिला विचारलेलं नाही.

दात खिशात ठेवला आणि गाडीखाली शिरलो. ब्रेकची नळी पेन्सिलीहून बारीक असते. तिच्यावर कानस टेकवली. हात थरथरत नव्हता, याचीच मला भीती वाटली. मग मान जरा बाहेर काढली, तर उघड्या दारातून तुमच्या शेजारची सीट दिसली. तिथं ती बसते. कानस मागे घेतली. मनाची खात्री होईना, म्हणून ती नळीच बदलली, आणि वेळेवर डोळे उघडलेस म्हणून देवाला हात जोडले.

गाडी पोचवायला मीच आलो. काढलेले स्पीकर पिशवीत होते, वर चाकाचा पाना. दार नुसतं लोटलेलं होतं. तुम्ही तिला ओट्याशी रेटून धरलं होतं, दोन्ही हात गळ्यावर, आणि तिचे पाय फरशीवर घासत होते. आईला फोन केला एवढाच तिचा गुन्हा. तिच्या तोंडून आवाज येत नव्हता. पाना मी कधी उचलला ते आठवत नाही, हाड मोडल्याचा आवाज तेवढा आठवतो. मग तुम्ही माझं डोकं चौकटीवर आपटलंत, पुन्हा आपटलंत, अर्धा कान लोंबायला लागला. म्हाताऱ्या, आज तुझी खांडोळी करतो, म्हणत होतात. माझ्या खिशातून किल्ली तिनं काढली. मला ओढत गाडीत घातलं तेही तिनंच. लग्नानंतर तुम्ही तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता, पण हात विसरत नाहीत.

शेजाऱ्याची नवी गाडी घेऊन तुम्ही एका हातानं चालवत मागे लागलात. सपाटीवर अगदी आमच्या बंपरला टेकलात, एकदा धडकही दिलीत. मग तोच चढ आला. तिनं गिअर खाली टाकला आणि त्या म्हाताऱ्या इंजिनानं छाती भरून श्वास घेतला. आरशात तुम्ही लहान होत गेलात, मग एका वळणावर दिसेनासे झालात. मी रक्त पुसत तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती. तोंडावर हात न ठेवता, दाताच्या त्या फटीसकट.

काल तुमचे काका येऊन गेले. तुमचा निरोप सांगितला की झालं गेलं विसरा, रविवारी येतो, बायकोलाही नेतो आणि गाडीही नेतो. लेक दाराआड उभी होती. निरोप ऐकला आणि तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला, म्हणून हे पत्र. ती येणार नाही. तक्रार तिनं स्वतः लिहून दिली आहे, दात पोलिसांकडे जमा आहे. गाडी मात्र तुमची, तिला मी नाही म्हणणार नाही. धुऊनपुसून दारात उभी केली आहे, किल्ली खिळ्याला आहे. अवश्य या. चढावर आता कुणी तुमच्या पुढे जाणार नाही. फक्त परतीच्या वाटेला सगळा उतार आहे, एवढं ध्यानात ठेवा. त्या दिवशी मी कानस मागे घेतली, कारण शेजारच्या सीटवर माझी लेक बसायची. आता तिथं कुणी बसत नाही.

रविवारपर्यंत तरी तुमचाच,
सासरा