मामाला न दिलेली बंदूक

माय, गेल्या आठवड्यात मामा घरी आला होता, म्हणून तुला लिहायला बसले आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने तुझ्या बंदुकीचा विषय काढला.

बाबा गेल्यावर त्यांची एकनळी बंदूक मानोऱ्याच्या ठाण्यात जमा झाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता संपलं. पण रानडुकरं आणि रोही-नीलगायी तूर सोडत नव्हत्या. तू वारस म्हणून लायसनसाठी अर्ज केलास, वाशीमच्या कलेक्टर ऑफिसच्या चकरा मारल्यास. तिथल्या साहेबाने विचारलं, "बाई, चालवता येते का?" तू म्हणालीस, "वखर येते, हेबी येईन." लायसनच्या पुस्तकात डोक्यावर पदर घेतलेला तुझा फोटो लागला. त्या फोटोपायीच मी तुझा मार खाल्ला. एकदा तू तापाने पडली होतीस, शेतात डुकरं शिरल्याची हाक आली आणि मी बंदूक उचलून दारापर्यंत गेले. तू तशीच उठलीस आणि कानाखाली लावलीस. "फोटो कोनाचा हाय लायसनवर? तुहा हाय?"

मी बारावीला होते, तेव्हाचा तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस आणि मामा दारात उभा आहे, शर्टाची बाही फाटलेली, ओठ सुजलेला. शेजारच्या शेतवाल्याने त्याचा बांध कोरला म्हणून सकाळीच दोघांची मारामारी झाली होती.

"बाई, बंदूक मले इकून टाक. आजच."

"लायसन हाय तुह्याजवळ?"

"मंग काढतो ना."

"ज्याच्याजवळ लायसन हाय, त्यालेच इकता येते. तरीबी आंधी कलेक्टर ऑफिसात अन् ठाण्यात लेखी द्या लागते. मंग दीड महिना थांबा लागते."

"बहीण-भावात कायचं लेखी?"

"बहीण-भाऊ हाय म्हनूनच नाही देत."

मामा आत गेला आणि त्याने बंदुकीच्या लोखंडी पेटीला लाथ घातली. कुलूप टिकलं. "सांजच्याले पहार घेऊन येतो," म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून गेला. तव्यावरची भाकरी जळत होती. तू ती काढली नाहीस, आधी पेटी उघडलीस. बंदूक रिकामी आहे ना ते दोनदा पाहिलंस, कापडी खोळीत घातलीस, काडतुसं पिशवीत, लायसन पोलक्यात. मी पिशवी धरायला हात पुढे केला तर तू नुसतं पाहिलंस. मी हात मागे घेतला.

ठाण्याकडे निघालो तर बंदूक आहे म्हणून काळी-पिवळी जीपवाला आपल्याला बसवून घ्यायला तयार नव्हता. तू खोळ उघडून बंदूक रिकामी असल्याचं दाखवलंस, तेव्हा त्याने बसवलं. अर्ध्या रस्त्यात मामाने जीपसमोर मोटारसायकल आडवी घातली. खिडकीतून हात घालून त्याने खोळ पकडली. तुम्ही दोघं ती धरून होतात.

"तू नेली त तू जेलात जाशीन," तू हळूच म्हणालीस. "अन् मी सोडली त मीबी. ह्या पोरीले कोन पाह्यन? सोड."

त्याने तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोटं एकेक करून सुटली.

ठाण्यात तू बंदूक जमा केलीस, पावती दोनदा वाचलीस आणि मगच बाकावर बसलीस. त्या वर्षी डुकरांनी आपली निम्मी तूर उकरली. मामा माझ्या लग्नाला आला नाही, तुझ्या मातीलाही नाही. तेव्हा मला तुझाच राग यायचा. वाटायचं, एका कागदापायी हिने भाऊ तोडला.

गेल्या आठवड्यात मामाने चहाचा कप तसाच खाली ठेवला. "त्या दिवशी बंदूक भेटली असती त मी मारलंच असतं त्या बांधवाल्याले," म्हणाला. "तीन लेकरं होती त्याले, लहान लहान." मग त्याने विचारलं, "बाई माह्यं नाव काढे काय कधी?"

तू कधीच काढलं नाहीस, माय. मी विषय काढला की तू उठून गोठ्यात जायचीस.

"काढे ना मामा," मी म्हणाले, "शेवटपर्यंत काढे."

म्हातारा लहान लेकरासारखा रडला. हा कागद कुठे पाठवायचा नाही, घडी घालून ठेवून देईन. तुला न विचारता तुझ्या तोंडी शब्द घातले, एवढंच सांगायचं होतं. त्याने पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच सांगेन.