सोडायचा राहिलेला इंच

आप्पा, वाघोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये आज मी सुपरवायझरवर इतकी ओरडले की शेजारच्या बाई दार उघडून बघायला आल्या. स्वयंपाकघरातली शेवटची फरशी एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती. "मॅडम, ट्रॉली बसल्या की दिसणार नाही." म्हटलं, "मला आत्ताच दिसतंय, त्याचं काय करू?" मग कोपऱ्यापासून एका भिंतीवर सहा फुटांवर, दुसरीवर आठ फुटांवर खूण केली आणि तिरकं अंतर मोजायला घेतलं. दहा यायला हवं. दहा फूट एक इंच आलं. "टेप नीट धरलाय ना?" "हो हो," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. असा "हो" मला चांगला ठाऊक आहे.

आठवतंय? मी सातवीत आहे. मांजरी गावात तुम्ही एका घराची आखणी करताय, बिगारी आलेला नाही, म्हणून टेपचं टोक माझ्या हातात. पुढची कडी केव्हाच तुटलेली, त्यामुळे मी एक इंच सोडून खुंटीला धरायचं आणि तुम्ही पलीकडे एक इंच जास्त वाचायचा. नवा टेप म्हणून घ्यायचा नाही! "दहाच का, आप्पा?" "दहा आले की काटकोन. जास्त आले की कोपरा फाकतो. बडबड नको, धर." आणखी दोन वाक्यं सांगितली असतीत तर काय बिघडलं असतं?

फरशी बसवताना शेवटची ओळ निमुळती निघाली. मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "मिस्त्री, डोळे तपासा." घरी तुम्ही एवढंच विचारलंत, "इंच सोडून धरला होतास ना गं?" "हो." "मग माझीच नजर चुकली." भिंत पाडून पुन्हा बांधलीत आणि बुधवार पेठेतून चष्मा करून आणलात. नंबर अगदी किरकोळ, असं चष्मेवाला म्हणाला होता, तरी.

नववीत कळलं. सहाचा वर्ग छत्तीस, आठचा चौसष्ट, मिळून शंभर, म्हणजे दहाचा वर्ग. बाकीच्या मुली प्रमेय पाठ करत होत्या. मी वहीच्या मागे तिरकी बाजू एक इंचाने वाढवून प्रमाणात आकृती काढली. दहा फुटांच्या भिंतीत दोन इंचांचा फरक. तुमच्या भिंतीत तेवढाच होता. धावत घरी आले. तुम्ही चष्मा लावून पेपर वाचत होतात. "काय गं?" "काही नाही."

आज सुपरवायझरच्या हातातून टेप घेऊन मी स्वतः टोक धरलं. पुन्हा दहा फूट एक इंच. फरशी उखडायला लावली आहे. हे पत्र तुमच्या चष्म्याच्या डबीत ठेवते. त्या दिवशी तिरक्या मापाला मी टेप टोकालाच धरला होता, आप्पा, आणि "हो" म्हणताना ते मला आठवत होतं.