एकही फाइल न गमावता

४ मार्च, मंगळवार

आजपासून रोजनिशी. मोठी कामं नोंद ठेवूनच करायची असतात. ऑफिसात मी विम्याचे क्लेम तपासतो, तिथे हेच शिकलो.

काम असं: घरच्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम म्हातारी झालीय. रोज पडद्यावर निळी पट्टी येते, ही आवृत्ती लवकरच बंद होणार, नवी घ्या. मी रोज 'नंतर आठवण करा' दाबतो. बायको मात्र कधीची मागे लागली होती. तिचं सगळं काम त्यावरच. लहान मुलांच्या कपड्यांचे पॅटर्न करते ती. गळा केवढा, बाही केवढी ते एका प्रोग्राममध्ये आखायचं, मोठ्या कागदावर छापायचं, त्यावरून कापड कापायचं. कॉम्प्युटर इतका मंद झालाय की एक गळा उघडेपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. कुणाचंही डोकं फिरेल. तिचं फिरलं. म्हणून बहिणीकडे गेलीय. थोडे दिवस.

मोठी बॅग नेली. छोटीचं चाक मोडलंय ना. शिलाई मशीनही नेलं. बहिणीकडे मशीन नाही.

संकल्प: ती यायच्या आत सिस्टिम नवी. एकही फाइल न गमावता, एकही प्रोग्राम न गमावता. येईल, बटण दाबेल आणि बघतच राहील.

५ मार्च, बुधवार

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या 'सर्वज्ञ'ला विचारलं. (नाव मीच ठेवलंय. त्याला माहीत नाही.) म्हणाला, आधी सगळ्याची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घे, मगच हात लाव. मी म्हणालो, ते मला ठाऊक आहे.

मला ठाऊक नव्हतं. डिस्क आणली.

६ मार्च, गुरुवार

तिच्या नावाने कॉम्प्युटर उघडायचा तर पासवर्ड लागणार. लेकीचं पाळण्यातलं नाव टाकावं, की आपल्या लग्नाची तारीख, की माझंच नाव? बराच वेळ विचार केला. चुकीचा टाकला आणि कुलूपबंद झालं तर काय घ्या. शेवटी फोन केला.

म्हणाली, पासवर्ड नाहीये. नुसतं एंटर दाबा.

कधी काढलास, म्हटलं. म्हणाली, कधी नव्हताच.

सुरक्षेबाबत फारच निष्काळजी आहे ही. आली की समजावून सांगायला हवं. प्रेमाने.

मग म्हणाली, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं. मी म्हटलं, आत्ता नको, कॉपी लावतोय, मध्ये लक्ष गेलं तर सगळं मुसळ केरात. ती म्हणाली, बरं. जेवता ना वेळेवर?

जेवता ना वेळेवर! लक्ष सगळं इकडेच आहे तिचं.

८ मार्च, शनिवार

सुट्टी. उरलेली कॉपी सुरू.

हिच्या फोल्डरांची नावं बघून हसू आलं. 'फ्रॉक ३ वर्षं'. 'फ्रॉक ३ वर्षं नवीन'. 'फ्रॉक ३ वर्षं खरंच नवीन'. 'फ्रॉक ३ वर्षं हाच घ्यायचा'. मी ऑफिसात अशी नावं दिली असती तर साहेबांनी फाडून खाल्लं असतं. पण एकालाही धक्का लावला नाही. सगळे घेतले.

दुपारी अंडी उकडली. पाणी आटलं. भांडं काळं झालं. घासून ठेवीन.

९ मार्च, रविवार

नवी सिस्टिम म्हणते, डिस्कवर जागा कमी आहे, काहीतरी काढा. न्याय असा की आधी माझं काढायचं. काढलं ते असं: 'घरबसल्या गिटार' (दुसऱ्या धड्यापर्यंत पोचलो होतो), सकाळच्या व्यायामाचे व्हिडिओ (पहिल्याच्या मध्यापर्यंत), ऑफिसचे जुने आदेश. तरी भागेना.

मग फोटो आणि व्हिडिओ चाळायला घेतले. एक व्हिडिओ बराच मोठा निघाला. हिने पहिल्यांदा प्रदर्शनात स्टॉल मांडला होता तेव्हाचा. कॅमेरा माझ्या हातात. ही एक पिवळं जाकीट कॅमेऱ्यासमोर धरते, आतलं अस्तर दाखवायला उलटं करते, काहीतरी सांगायला लागते. तेवढ्यात माझा आवाज येतो, 'अगं आटप, गाडी चुकीच्या जागी लावलीय.' ती जाकिटाची घडी घालते. व्हिडिओ संपतो.

आवाज अगदी स्वच्छ आलाय. त्या काळच्या मानाने माइक चांगला होता.

अस्तराबद्दल काय सांगणार होती कोण जाणे. तीनदा ऐकला. कळत नाही. जागा खातो, पण ठेवला.

११ मार्च, मंगळवार

संध्याकाळी फोन केला. मेव्हणीने उचलला. म्हणाली, ताई बाहेर गेलीय, जागा बघायला. नवं प्रदर्शन दिसतंय! इतकी मोठी बातमी आणि मला सांगितली नाही. बहुतेक सरप्राइज असेल. मीही माझ्या सरप्राइजबद्दल तोंडातून ब्र काढला नाही. मेव्हणी म्हणाली, भावजी, तुम्ही बरे आहात ना? मी म्हटलं, ठणठणीत.

भांडं अजून भिजतंय.

१५ मार्च, शनिवार, सकाळी

आज तो दिवस. अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून बसलो. पडद्यावर तीन पर्याय. फाइली आणि प्रोग्राम दोन्ही ठेवा. फक्त फाइली ठेवा. काहीच ठेवू नका. हा तिसरा पर्याय कोण निवडत असेल? माणसं कशी असतात बघा.

पहिला निवडला. माउस सोडण्याआधी वाचून खात्री केली, मोठ्याने.

दुपार

टक्केवारी पुढे सरकेना. 'कॉम्प्युटर बंद करू नका' लिहिलंय. बंद कोण करतंय? मी हलतसुद्धा नाहीये.

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, सहसा रविवारी करते फोन. म्हणाली, बाबा, आईने फ्लॅट भाड्याने घेतलाय, तुम्हाला बोलली का ती? मी म्हटलं, हो हो, म्हणजे काय. म्हणाली, नक्की बोलली? मी म्हटलं, अगं कामासाठी जागा लागते, कापड पसरायला, तिथे बहिणीकडे कुठे जमणार. म्हणाली, बाबा, स्वयंपाकघर पण आहे त्यात.

असणारच. आजकाल सगळ्या फ्लॅटना असतं.

म्हणाली, मी येऊ का दोन दिवस? मी म्हटलं, आत्ता नको, कॉम्प्युटर मध्यावर आहे.

संध्याकाळ

झालं!! सगळं जागच्या जागी. फोटो आहेत. चारही फ्रॉक आहेत. पडद्यावरचं चित्रसुद्धा तेच राहिलं. मी एकटाच टाळी वाजवली.

१६ मार्च, रविवार

हिचा पॅटर्नचा प्रोग्राम उघडत नाही. चित्र आहे, नाव आहे. दाबलं की क्षणभर पांढरी चौकट येते आणि मिटते. म्हणजे आहे, पण नाही.

घाबरायचं काही कारण नाही.

१७ मार्च, सोमवार

घाबरलोय. ज्या कंपनीने प्रोग्राम बनवला ती केव्हाच बंद पडलीय. फोन लावला तर एका दातांच्या दवाखान्यात लागला. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, दाढ दुखतेय का?

सर्वज्ञ म्हणाला, जुने प्रोग्राम नव्या सिस्टिमवर चालतीलच असं नाही, तुला बोललो होतो. बोलला नव्हता. किंवा बोलला असेल, मी तेव्हा मनातल्या मनात त्याला नाव ठेवत असेन. म्हणाला, वहिनींना विचार ना, त्या दुसरं काही वापरत असतील. मी म्हटलं, तिला यातलं काय कळतं. माझ्याशिवाय तिचं पान हलत नाही.

१९ मार्च, बुधवार

तिचाच फोन आला! माझ्या हातातून फोन पडता पडता राहिला. म्हणाली, रविवारी येऊ का? राहिलेलं थोडं सामान न्यायचंय आणि बोलायचंही आहे. मी म्हटलं, येऊ का काय विचारतेस, घर तुझंच आहे. शिवाय तुझ्यासाठी एक गोष्ट तयार ठेवतोय. ती म्हणाली, अहो, काही करू नका माझ्यासाठी.

असं म्हणतात ते मनापासून म्हणत नसतात. वीस-बावीस वर्षांच्या संसाराने एवढं तरी शिकवलंय.

(चोवीस. आत्ता मोजली.)

२१ मार्च, शुक्रवार

रजा टाकली. कारण लिहिलं, 'घरगुती'. इंटरनेटवर कुणा सज्जनाने लिहून ठेवलंय की जुन्या प्रोग्रामला तो जुन्याच सिस्टिमवर आहे असं भासवायचं. तशी सोय असते. प्रोग्रामवर उजवं बटण, मग एका ठिकाणी खूण. खूण केली. पांढरी चौकट आली. मिटली.

भांडं फेकून दिलं. तसंच दुसरं आणणार आहे.

२२ मार्च, शनिवार

उघडला!!! खूण चुकीच्या ओळीवर करत होतो. तिसरा फ्रॉक उघडला, 'खरंच नवीन'. गळा, बाही, घेर, सगळ्या रेघा आल्या. किती बारीक काम करते ही. शिवणीसाठी किती कापड सोडायचं तेसुद्धा प्रत्येक कडेला लिहिलंय. मी हे कधी बघितलंच नव्हतं. म्हणजे वेळच झाला नव्हता.

घर झाडलं. तिची खुर्ची पुसली. नवीन भांडं आणलं, थोडं लहान निघालं.

२३ मार्च, रविवार

अकरा वाजता आली. बेल वाजवली. किल्ली असून स्वतःच्या घराची बेल. घाईत लक्षात आलं नसेल.

केस कापलेत. चांगले दिसतात. मी तसं म्हणणार होतो, पण आधी कॉम्प्युटर दाखवायचा असं ठरलेलं होतं. पर्स न काढता खुर्चीच्या कडेवर बसली. मी बटण दाबलं. झटकन सुरू. म्हटलं, बघ. फोल्डर उघडून दाखवले, प्रोग्राम उघडला, फ्रॉक उघडला. सगळं सांगितलं, डिस्क, जागा, तीन पर्याय, खूण. ती ऐकत होती. म्हणाली, एवढं सगळं तुम्ही एकट्याने केलंत? मी म्हटलं, एकही फाइल गेली नाही.

मग म्हणाली, अहो, मी वर्षभर यावर काम करत नाहीये. लॅपटॉप घेतलाय, त्यात नवा प्रोग्राम आहे. माझ्या फाइली मी जायच्या आधीच नेल्या.

मी म्हटलं, मग मला सांगायचं नाही का?

म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही पेपर वाचत होतात. 'बरं' म्हणालात.

मला आठवत नाही. बरं म्हणालो असेन. मी बरं म्हणतो.

मी म्हटलं, ठीक आहे, लॅपटॉपही इथे आणू, दोन्ही जोडून देतो. एकावर आखायचं, दुसऱ्यावरून छापायचं. सोपं आहे. तेव्हा तिने माझ्या हातातून माउस काढून घेतला. हळूच, लेक लहान असताना तिच्या हातातून कात्री काढून घ्यायची तसा. म्हणाली, हे कॉम्प्युटरमुळे नव्हतं. मी परत येणार नाहीये.

भांडण नाही, आवाज नाही. डोळे मात्र भरले तिचे. म्हणाली, तुम्ही वाईट नाही आहात हो. पण मी इथे बोलत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. खूप दिवस थांबले.

मी म्हटलं, अजून एक छोटा अपडेट बाकी आहे, त्यानंतर आणखी फास्ट होईल.

हे मी का म्हणालो मला माहीत नाही. ते सोडून काहीही म्हणायला हवं होतं. केस चांगले दिसतात, हे तरी.

कात्र्यांचा डबा, दोऱ्यांचं खोकं आणि गादीवरची रजई घेतली. किल्ली टेबलावर ठेवली. खोकं मी खाली नेऊन दिलं. टॅक्सीवाल्याला सांगितलं, सावकाश ने, सुया आहेत. तिने खिडकीतून हात हलवला नाही, नुसतं बघितलं. मीही बघितलं. मग कोपऱ्यावरचा सिग्नल सुटला.

२४ मार्च, सोमवार

नोंद नाही.

२९ मार्च, शनिवार

लेक आलीय. बोलावलं नव्हतं. जेवण केलं तिने. भांडं लहान आहे म्हणाली. मी तिला अस्तराचा तो व्हिडिओ दाखवला, विचारलं, आई काय सांगणार होती कळतं का तुला? तिने एकदाच बघितला. मग लॅपटॉप मिटावा तसा दोन्ही हातांनी चेहरा झाकून बसली. मी पाणी आणून दिलं.

जरा वेळाने म्हणाली, बाबा, तिलाच विचारा ना. मी म्हटलं, विचारीन. योग्य वेळ बघून.

३ एप्रिल, गुरुवार

ऑफिसात सर्वज्ञने सगळ्यांसमोर विचारलं, काय, झालं का तुझं अपग्रेड? म्हटलं, झालं. म्हणाला, किती गेलं? म्हटलं, काहीच नाही. फाइली नाहीत, प्रोग्राम नाहीत, काही काही नाही. तो चाट पडला. पहिल्यांदाच म्हणाला, मानलं तुला. टायपिंगच्या बाई म्हणाल्या, आमचाही कॉम्प्युटर तसाच अडकलाय, या रविवारी येता का घरी? वहिनींनाही घेऊन या, गप्पा होतील.

हो म्हणालो. हिला विचारून सांगतो म्हणालो.

मग टेबलाशी येऊन बसलो. समोर एक क्लेम उघडा होता. एकही ओळ वाचता येईना. चष्मा पुसला, तरी येईना.